राहिलेले रोजे

हाजी रश्वानच्या हातची कुनाफा खाल्ली नाही असा माणूस कफ्र जुम्मैझमध्ये सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो परगावचा समजावा. रमजान लागला की त्याच्या दुकानापुढे दुपारच्या नमाजानंतर जी रांग लागते ती मगरिबची, म्हणजे सूर्य मावळताना रोजा सोडायची, तोफ होईपर्यंत हटत नाही. मोठ्या गोल तव्यासमोर उभा राहून हातातला भोकाभोकांचा डबा तो असा गरगर फिरवतो की पिठाच्या बारीक धारा तव्यावर पडतात, पडल्यापडल्या सुकतात, आणि शेवयांसारखी ती लांबसडक कुनाफा मुठीने उचलून तो फळीवर टाकतो. घरी नेऊन लोक ती तुपात भाजून पाकात भिजवतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय. यंदा फरक एवढाच होता की गड्याच्या लघवीच्या पिशवीत कॅन्सर होता, तो पोटातल्या गाठींपर्यंत पोचला होता, आणि रांगेतल्या एकालाही याचा पत्ता नव्हता.

पत्ता होता त्याच्या बायकोला, गलीलाला. मुलांना होता, पण मुलं लांब. थोरला हाझिम कुवेतला, धाकटी लग्न होऊन कैरोला. त्या गावात कॅन्सर हा शब्द कुणी तोंडाने उच्चारत नाही. 'तो वाईट आजार' म्हणतात, तेही आवाज उतरवून, दार लावून. रश्वानने तर शपथच घातली होती, 'बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मला कुनाफा विकायचीय, कीव नाही.' केस विरळ झाले ते टोपीखाली झाकले गेले. अंग उतरलं ते ढगळ झग्यात लपलं. जिल्ह्याच्या इस्पितळात जायच्या दिवशी दुकानाला कुलूप दिसलं की लोक म्हणायचे, हाजी तूप आणायला गेलाय.

इस्पितळातली डॉक्टर रीहाम वयाने गलीलाच्या लेकीएवढी, पण बोलणं चोख. पहिल्याच दिवशी तिने दोघांना समोर बसवून सांगून टाकलं होतं. ऑपरेशन आत्ता करता येणार नाही. औषधं दोन आहेत, शिरेतून द्यायची. एकेकटी दिली तर यथातथाच. दोन्ही मिळून दिली तर गाठी आकसतात, कुणाकुणाच्या इतक्या की पुढे ऑपरेशनचाही विचार करता येतो. पण त्यातलं एक औषध किडनीवर उलटतं.

"पाणी प्यायचं, काका. दिवसभर. तहान लागो न लागो. किडनी टिकली तर हे औषध टिकेल, आणि हे औषध टिकलं तर..." तिने पुढचं बोलायचं टाळलं होतं. गलीलाने मात्र ते वाक्य मनातल्या मनात पुरं करून घरी आणलं होतं.

येताना गाडीत रश्वान म्हणाला होता, "ऐकलंस ना, हाझिमच्या आई? जन्मात दुसरी केली नाही, आणि आता म्हातारपणी एकदम दोन सवती आल्या तुझ्या उरावर."

"आणा की," गलीला म्हणाली होती. "तुमचं खाणंपिणं, तुमची कुरकुर, सगळं त्यांच्या गळ्यात घालते आणि मी निजते खुशाल."

तेव्हापासून घरात औषधांना तीच नावं पडली. किडनीवर उलटणारी, तापट, ती थोरली. दुसरी गरीब, ती धाकटी. दोन खेपा दोघींनी मिळून बरा संसार केला. मळमळ झाली, तोंडाची चव गेली, तुपाचा वास आला की रश्वान तोंड फिरवायचा, आणि कुनाफावाल्याने तुपाला तोंड फिरवावं म्हणजे काय म्हणायचं. पण लघवीतून रक्त जायचं ते थांबलं. डॉक्टरीण एवढंच म्हणाली, "छान. हे चांगलं लक्षण आहे." गलीलाने तिचे हात धरून चुंबले.

आणि मग रमजान लागला.

रोजे ठेवायचे नाहीत, हे डॉक्टरिणीने सांगितलं. इस्पितळाजवळच्या मशिदीतल्या इमामानेही सांगितलं. रश्वान म्हणाला, "बरं." गलीलाला संशय यायला हवा होता तो इथेच. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्या सांगण्याला बरं म्हणाला, असं कधी घडलेलं नव्हतं. पण बाई बिचारी आनंदात. तिने दुकानाच्या मागच्या बाजूला, पिठाच्या पोत्यांपाशी, एक पडदा लावला आणि पडद्याआड पाण्याची मोठी सुरई ठेवली. सगळा गाव कोरड्या तोंडाने फिरत असताना चारचौघांत घोट घ्यायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पडद्याआड कोण बघतंय? सकाळी ती सुरई भरायची, दुपारी पुन्हा भरायची, संध्याकाळी बघावं तर रिकामी. गलीला मनात म्हणायची, चला, हा माणूस सुधारला.

आणखी एक गोष्ट तिने स्वतःच्या अकलेने केली. आजारी माणसाचा रोजा सुटला की त्याच्या नावाने रोज एका गरिबाला जेवू घालावं, हे तिने लहानपणी घरात पाहिलेलं होतं. तिच्या आईने तिच्या बापासाठी घातलं होतं. तेव्हा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या उम्म साबिर नावाच्या विधवेला रोज मगरिबच्या जरा आधी ताट जायला लागलं. भात, कोंबडीचा तुकडा, भेंडीचं कालवण, वर एक वाटी गोड. ताट दुकानावरूनच जायचं, कारण गल्लीला दुसरा रस्ता नव्हता. गलीला ताटावर फडकं टाकायची आणि नवऱ्याकडे बघून हसायची. तो डबा फिरवत राहायचा.

तिसऱ्या खेपेला दोघं इस्पितळात गेली तेव्हा आधी रक्त घेतलं, नेहमीसारखं. औषध द्यायच्या लांब हॉलमध्ये रश्वान आपल्या खुर्चीत बसला. शेजारच्या खुर्चीत बिशाय होता. हा बिशाय ख्रिस्ती, सुतार, पलीकडच्या गावचा. आजार तोच, औषधं तीच. दोघांची पहिल्या खेपेपासून गट्टी जमलेली, कारण दोघंही कालव्यात डुंबून वाढले होते आणि दोघांनाही पोरवयात लाल लघवी झाली होती.

"आमच्याकडे पोराला लाल झाली की म्हणायचे, आता हा पुरुष झाला," बिशाय नर्सला सांगत होता. "माझ्या बापाने शेजाऱ्यांत मिरवलं. कालव्याच्या पाण्यातला किडा लघवीच्या पिशवीत घर करून बसलाय आणि तोच पुढे हा आजार देणार, हे कोण सांगणार?"

"माझ्या बापाने मला नवे बूट घेतले," रश्वान म्हणाला.

"बघ, म्हणजे तुला निदान बूट तरी मिळाले."

बिशायचाही त्या दिवसांत ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता, पण त्याच्या पाद्र्याने त्याला दटावून सूट घ्यायला लावली होती. तो मजेत बाटलीतून पाणी पीत होता, फक्त आजूबाजूच्या रोजेदारांची लाज म्हणून तोंड भिंतीकडे करून. त्याने बाटली रश्वानपुढे धरली. रश्वान म्हणाला, "झालंय माझं."

तेवढ्यात डॉक्टरीण आली. हातात रिपोर्ट, आणि चेहरा असा की गलीला बसल्या जागची उठली.

"काका, किडनीचा आकडा वर गेलाय. बराच वर गेलाय. आज मी फक्त एकच औषध देणार. दुसरं नाही देऊ शकत."

"थोरली?" गलीलाच्या तोंडून निघून गेलं.

"कोण थोरली?"

"तेच ते, तापट औषध."

डॉक्टरीण हसली नाही. "तेच. एक आठवडा थांबू. आकडा खाली आला तर देऊ. नाही आला तर ते बंद करावं लागेल, आणि मग माझ्या हातात जे उरेल ते याच्याइतकं चांगलं नाही. आणि वाईट याचंच वाटतं की तुम्हाला ते लागू पडत होतं." मग ती रश्वानकडे वळली. "पाणी पिताय ना?"

रश्वानने खुर्चीच्या हाताकडे बघितलं. "सुरई रोज रिकामी होते, डॉक्टरीणबाई. सकाळ दुपार."

"होते हो," गलीला घाईने म्हणाली. "मी स्वतः भरते."

"मग कुठे चुकतंय?" डॉक्टरीण स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली आणि आणखी दोन तपासण्या लिहून निघून गेली.

परतीच्या गाडीत गलीला खिडकीपाशी बसून स्वतःला बोल लावत होती. मीठ जास्त पडतं का माझ्या हातून? लोणची बंद करायला हवी होती का? त्या दिवशी खारवलेले मासे कशाला करायला गेले मी? गाडी कालव्याच्या कडेने चालली होती, रश्वान शेजारी डोळे मिटून बसला होता. आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस वल्लाही म्हणाला नाही.

आता हे तुम्हाला किरकोळ वाटेल. पण रश्वान पाव किलो कुनाफा विकतानासुद्धा तीन वेळा अल्लाची शपथ घेणारा माणूस. वल्लाही ताजी आहे, वल्लाही तुझ्यासाठीच भाव कमी केला, वल्लाही तुझ्या बापालाही याच भावाने दिली. आणि प्रत्यक्ष जिवाचा प्रश्न, डॉक्टरीण समोर उभी, पाणी पिताय का विचारतेय, तर हा सुरईचं सांगतो. 'पितो, वल्लाही' असं दोन शब्दांत का नाही म्हणाला? असं कधी होतं, तर तोंडात रोजा असतो तेव्हा. रोजेदार माणूस खोटी शपथ घेत नाही. शपथच काय, सरळ खोटंही बोलत नाही. आडून बोलतो.

गलीलाने गाडीत तोंड उघडलं नाही. ही बाई कशी आहे हे ठाऊक असणाऱ्याला कळेल की तिला ते किती जड गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नेहमीसारखी सुरई भरली, दाणदाण पावलं वाजवत जिना चढली, चपला वरच काढल्या आणि अनवाणी खाली येऊन पोत्यांमागे उभी राहिली. रश्वान पडद्याआड आला. त्याने सुरई उचलली. क्षणभर ती कपाळाला लावून उभा राहिला. ओठ सुकून पांढरे पडले होते, घोट गिळल्यासारखा त्याचा गळा हलला. मग त्याने वाकून सगळं पाणी पिठाच्या पातेल्यात ओतलं आणि हाताने ढवळायला लागला.

"पिठाला फार तहान लागली होती वाटतं," गलीला म्हणाली.

त्याने दचकून वर बघितलं. हात कोपरापर्यंत पिठात.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. लपवायचं आता काही राहिलं नव्हतं.

"शाबास. डॉक्टरीण सांगतेय, इमाम सांगतोय, प्रत्यक्ष अल्लाने आजाऱ्याला सूट दिलीय. तुम्ही कोण लागून गेलात मोठे? त्याच्यापेक्षा तुम्हाला धर्म जास्त कळतो?"

"सूट आजाऱ्याला आहे."

"मग तुम्ही काय धडधाकट आहात?"

"नाही. पण तू मला आजारी कुठे समजतेस?"

"मग काय समजते?"

"मेलेला," रश्वान म्हणाला. चिडून नाही, अगदी साध्या आवाजात. पातेल्यातून हात काढून तो बोटांचं पीठ निपटत होता. "रोज मगरिबच्या आधी माझ्या नावाचं ताट जातं ना दुकानावरून? तू बघून हसतेस पण."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "हाजी, दोन किलो!" रश्वान ओरडला, "थांब रे, तवा तापू दे," आणि पुन्हा आवाज खाली आणून बोलायला लागला.

"मला तेवढं कळतं, गलीला. ज्याला बरं व्हायचंय त्याने रोजे सोडायचे आणि बरा झाला की फेडायचे. जितके सुटले तितके. गरिबाला जेवू घालतात ते ज्याच्यापाशी फेडायला दिवसच उरले नाहीत त्याच्यासाठी. तुझ्या आईने तुझ्या बापासाठी घातलं, ते कधी? तो अंथरुणाला खिळला आणि तुम्ही सगळ्यांनी आशा सोडली तेव्हा. मी होतो की तिथे, जावई म्हणून ताटं मीच पोचवली. आणि यंदा पहिल्याच दिवशी माझं ताट निघालेलं बघितलं, तेव्हा समजलो. डॉक्टरिणीने तुला बाजूला घेऊन सांगितलंय. मला सांगायचं नाही असं तुमचं ठरलंय. सगळ्यांच्याच घरी असं करतात, मी काय रागावलो नाही. म्हटलं, जायचंच आहे ना, मग रोजे बुडवून कशाला जाऊ? पोरवयापासून एक चुकवलेला नाही. शेवटचे तेवढे कशाला चुकवू?"

गलीला पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. दोन सवतींनी मिळून वाचवायला घेतलेला हा माणूस, आणि मी त्याला भात-कोंबडीच्या ताटाने मारायला निघाले होते. रोज. वर फडकं टाकून, हसत हसत. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज ओसरायच्या आत राग आला, स्वतःचा, त्याचा, त्या गप्प बसायच्या रीतीचा.

"डॉक्टरीण मला काहीही बोललेली नाही," ती म्हणाली. "जे तुमच्यापुढे बोलली तेच. औषध लागू पडतंय, असं म्हणाली. वल्लाही."

रश्वानने तिच्याकडे निरखून बघितलं. तिच्याही तोंडात रोजा होता.

"वल्लाही?"

"किती वेळा म्हणू? हाझिमच्या डोक्यावर हात ठेवला असता, पण तो कुवेतला आहे."

त्याने बोटांचं उरलेलं पीठ पातेल्याच्या काठाला पुसलं. "मग ताट कशाला?"

"अक्कल नाही म्हणून," गलीला म्हणाली. "आजारी माणसासाठी ताट घालतात एवढंच डोक्यात होतं. कुठल्या आजाऱ्यासाठी, ते कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मला वाटलं, जितकं पुण्य जमेल तितकं तुमच्या पारड्यात टाकावं."

"ते ताट जातंय तोवर मला पाणी उतरायचं नाही घशाखाली," रश्वान म्हणाला. "खरं सांगतो. तू शपथ घेतलीस, मला पटलं. पण ताट बघितलं की मला माझा जनाजाच दिसतो."

गलीला उठली. तशीच अनवाणी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. उम्म साबिर उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती.

"उम्म साबिर, एक सांगायचंय. ते ताट हाजीच्या नावाने नको."

उम्म साबिरचा हात थांबला. "मग काय, बंद? आज मी दुपारपासून मुलूखियाच्या भाजीच्या वासावर आहे बाई. तुझ्या खिडकीतून येतोय."

"बंद कशाला करीन? गरिबाच्या तोंडचा घास मी काढीन का? ताट येईल. फक्त नाव बदलायचं."

"कुणाच्या नावाने खाऊ मग?"

गलीलाने एकदा दुकानाकडे वळून बघितलं. "माझ्या. माझ्या जिभेची पापं फिटावीत म्हणून."

उम्म साबिरने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गेली वीसएक वर्षं दोघींची ओळख होती. "तुझ्या जिभेची? मग एका ताटात काय भागणार, गलीला?"

गलीलाला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. उम्म साबिरने लसणाचे हात झग्याला पुसले आणि तिला ओढून शेजारी बसवलं. त्या दिवशी पहिल्यांदा गलीलाने गावात कुणाला तरी तो वाईट आजार सांगितला. नाव घेऊन सांगितला. उम्म साबिरने ऐकून घेतलं. हाय-हाय केलं नाही की छाती पिटली नाही. एवढंच विचारलं, "पाणी पितो का?"

"तिथेच तर सगळं अडलंय."

"मग इथे काय बसलीस? जा."

गलीला परत आली तेव्हा दुकानापुढे रांग वाढली होती. तिने रांगेतून वाट काढली, पडद्याआड गेली आणि रश्वानला हाक मारली. लोक कुरकुरले. तो हात पुसत आत आला.

"नाव बदललं. ताट आता माझ्या जिभेसाठी जाणार. उम्म साबिर म्हणते एक पुरणार नाही."

रश्वान हसला. कितीतरी दिवसांनी खरं हसला, पोट हलवून, आणि खोकला आला म्हणून थांबला. गलीलाने पेला भरून समोर धरला.

"आता नीट ऐका. तुमचे रोजे माफ नाहीत. सुटतील ते सगळे तुमच्या अंगावर राहणार. थंडीत दिवस लहान झाले की एकेक करून घेईन तुमच्याकडून. सगळी गल्ली भर दुपारी शेंगदाणे खात बसलेली असेल आणि तुम्ही एकटे कोरड्या तोंडाने तव्यासमोर उभे असाल. तेव्हा माझ्याशी कटकट करायची नाही."

"आणि थंडीपर्यंत मी नसलो तर?"

"तर मी वर येऊन वसूल करीन."

तो पेल्याकडे बघत राहिला. हात पुढे येईना. गलीलाचा धीर सुटला.

"मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "या थंडीत हवे आहात आणि त्याच्या पुढच्या थंडीतही हवे आहात. मला या घरात एकटीने म्हातारं व्हायचं नाही. तुम्ही जायची तयारी करून बसलात, पण माझी पाठवायची तयारी नाही. झालं समाधान? वदवून घेतलंत? आता प्या."

रश्वानने बिस्मिल्ला म्हटलं आणि पेला तोंडाला लावला. पहिला घोट त्याने तोंडात धरून ठेवला, गिळू की नको असं करत, कारण पोरवयानंतर रमजानातल्या दुपारी त्याच्या जिभेला पाणी लागलेलं नव्हतं. मग गिळला. मग बाकीचं पाणी घटाघटा प्यायला, आणि पेला पुन्हा पुढे केला. त्याचे डोळे भरले होते. तहान किती साठली होती हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं. गलीला स्वतः सुकलेल्या घशाने पेला भरत राहिली आणि तिला त्या तहानेचं काही वाटलं नाही.

पुढचा आठवडा गमतीचा गेला. दर थोड्या वेळाने रश्वान डबा खाली ठेवायचा आणि "पीठ बघून येतो" म्हणत पडद्याआड जायचा. रांगेतले म्हणायला लागले, यंदा हाजी पिठाची फार काळजी घेतो. गलीला वरून जिन्यात येऊन खाकरायची. आणि उम्म साबिर, जिला दुकानात एरवी काही काम नसायचं, ती दिवसातून दोनदा काठी टेकत यायची, पडद्याशी तोंड नेऊन विचारायची, "झालं का?" आतून रश्वान म्हणायचा, "झालं, माझे आई, झालं." ती निघून जायची. मात्र एक अडचण झालीच. रोज ठरलेलं पाणी पिठात पडायचं ते बंद झाल्यामुळे दोन दिवस कुनाफा जाड पडली आणि गिऱ्हाइकं बोलली. रश्वानने निमूट ऐकून घेतलं.

मनातून मात्र गलीलाची झोप उडाली होती. पाणी प्यायला लागला, पण वेळेत लागला का? पडलेली किडनी आठवड्यात उठते का? हे कुणाला विचारणार? नमाजाच्या चटईवर ती इतका वेळ बसायची की रश्वान म्हणायचा, "अगं, त्याला इतरांचंही ऐकू दे."

आठवड्याने पुन्हा इस्पितळ. रक्त घेतलं. हॉलमध्ये बिशाय आपल्या खुर्चीत होताच. खेपेच्या मधल्या आठवड्यात नुसतं दुसरं औषध, धाकटी, देतात, त्याचा तो दिवस होता. गलीला उभीच राहिली, तिला बसवेना. रिपोर्टला उशीर झाला. बिशाय रश्वानला सुतारकामातली काहीतरी गोष्ट सांगत होता, आणि दोघांपैकी कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं, हे तिला दिसत होतं आणि खपत नव्हतं.

डॉक्टर रीहाम आली. रिपोर्ट तिने दोनदा वाचला.

"खाली आलाय," ती म्हणाली. "पूर्ण नाही, पण पुरेसा. आज दोन्ही देऊ. सलाईन जास्त लावू आणि थोडं सावकाश सोडू. काय केलंत तुम्ही आठवडाभर?"

"पाणी प्यायलो," रश्वान म्हणाला. "वल्लाही."

गलीलाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. डॉक्टरीण कागदावर लिहायला लागली. रश्वान घसा खाकरून म्हणाला, "डॉक्टरीणबाई, एक विचारायचं होतं. माझे रोजे सुटतायत. ते मी फेडू कधी?"

गलीलाने नवऱ्याला थंडी सांगितली होती ती आपल्या मनाने. डॉक्टरला विचारायचं धाडस तिला झालं नव्हतं. आता ही बाई थांबेल, चष्मा काढेल, काका असं म्हणून समजूत घालणाऱ्या आवाजात बोलायला लागेल, आणि मग सगळं संपलं.

डॉक्टरिणीने लिहिता लिहिताच उत्तर दिलं. मान वर केली नाही की आवाज बदलला नाही.

"आत्ता मुळीच नाही. औषधं चालू आहेत तोवर नाही. मग स्कॅन करायचा, तो बघायचा. डिसेंबरात या मला भेटायला, दिवस लहान असतात. तेव्हा किडनी बघून सांगते, किती ठेवायचे आणि किती पुढच्या वर्षावर टाकायचे." तिने सही केली, कागद नर्सकडे दिला आणि बिशायच्या खुर्चीकडे वळली.

रश्वानने मान वळवून गलीलाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायची तिला शुद्ध नव्हती.

नर्सने दोन पिशव्या आणून वर टांगल्या. हॉलमध्ये आजाऱ्यांबरोबर आलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती. बहुतेक सगळ्यांचा रोजा होता, दुपार टळायची होती, कुणाच्या तोंडावर तुकतुकी नव्हती.

"अगं हाझिमच्या आई," रश्वान म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "पाणी आण. मोठा पेला भरून आण."